अर्धी अर्धी अमेरिकन

सुपडू आबांनी मला पहिल्याच भेटीत नापास केलं, आणि तेही जमिनीवर उताणं झोपून.

धुळ्याला महामार्गाच्या कडेला एका गॅरेजात मी जीप तपासायला गेले होते. मी वाहनांची किंमत ठरवून देणारी सर्व्हेअर. कर्ज काढायचं, विमा उतरवायचा किंवा गाडी विकायची म्हटलं की माझ्यासारख्यांचा कागद लागतो. तेव्हा मी धंद्यात नवीन होते. डिप्लोमाला पहिला वर्ग मिळाला होता आणि तो माझ्या चालण्यातसुद्धा दिसत असावा. समोरची जीप दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकन, असं मालकाचं म्हणणं. स्टिअरिंग डावीकडे, बॉनेटवर पांढरी चांदणी, मागे पेट्रोलचा चौकोनी डबा. मी फोटो काढले आणि कागदावर लिहिलं, 'आयात, अमेरिकन'. या दोन शब्दांचं वजन बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. दिसायला जवळजवळ तीच जीप आपल्याकडे बनलेली असेल तर तिचा भाव एक, आणि तिकडे बनून बोटीतून आलेली असेल तर कित्येक पट. हौशी माणसं त्या फरकापायी वेडी होतात, आणि त्यांच्यामागे लबाड माणसं शहाणी होतात.

बाकड्यावर एक म्हातारा चहा पीत बसला होता. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, खांद्यावर उपरणं. मला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाला निघालेत. त्यांनी बशी खाली ठेवली, उपरणं काढून बाकड्यावर घडी करून ठेवलं आणि तसेच जीपखाली सरकले. खाली ऑइलचं थारोळं होतं. बाहेर फक्त दोन पाय राहिले. आतून आवाज आला.

"ताई, दात देखात का?"

"कुणाचे?"

"गाडीना."

मग मलाही गुडघे टेकावे लागले. आबांनी उजव्या बाजूच्या पत्र्यावर बोट फिरवून दाखवलं. तिथे कधीकाळी पेडलची भोकं होती. त्यांना ठिगळं लावून वरून रंग फासला होता. म्हणजे गाडी जन्माची उजव्या स्टिअरिंगची, देशी. कुणीतरी तिला डावखुरी करून अमेरिकेला पाठवलं होतं.

"पुढला आडवा दांडाबी देखा," आबा म्हणाले. "अमेरिकनना गोल नळीना ऱ्हास. हाऊ चपटा शे."

मालक पानाची पिंक टाकायला म्हणून गेला तो अर्धा तास आलाच नाही. मी कागद फाडला. आबा बाहेर आले तेव्हा पाठ काळीकुट्ट झाली होती, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. माझा पडलेला चेहरा बघून म्हणाले, "देशी म्हंजे खोटी नही, ताई. देशीले अमेरिकन सांगं, तठे खोटं व्हई गयं."

त्या दिवसापासून पुढची आठ वर्षं, जुन्या जीपचं काम आलं की मी आधी भडगावला आबांना फोन करायची. आबा गेल्याला आता वर्ष होईल. अजूनही एखाद्या गाडीखाली वाकताना, 'दात देखात का?' असं मी मनात म्हणतेच.

आबा मूळचे बैलांचे हेडी. आजोबा हेडी, बाप हेडी. या बाजारात बैल घ्यायचा, त्या बाजारात विकायचा. सावद्यापासून धुळ्यापर्यंत बैलबाजार असा नव्हता जिथे आबांची ओळख नव्हती. मग ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि आबा जुन्या जीपच्या खरेदी-विक्रीत शिरले. माल तेवढा बदलला, बाकी सगळं तसंच राहिलं. जीप बघायची ती बैलासारखीच. आधी खाली वाकून दात, म्हणजे चासी आणि तिच्यावरचे नंबर. मग रिकामी पळवायची, मग चार माणसं बसवून, मग चढावर. स्वतः कधी स्टिअरिंगला बसायचे नाहीत. मागे उभं राहून चाल बघायचे. परत आली की तापलेल्या बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटायचे, आजारी पोराचा ताप बघावा तसे. पौर्णिमेला विहारात जाताना जे धोतर, तेच गाडीखाली जाताना. सूनबाई रोज धुऊन धुऊन कंटाळली होती. ती म्हणायची, "आबा, गाडीखाली जायाले दुसरं नेसत जा ना." आबा म्हणायचे, "कुनाना घर जावानं तं चांगलं नेसीसन जावानं."

पोळ्याला ते दारातल्या जीपच्या मडगार्डांना गेरू लावायचे आणि पुरणपोळीचा तुकडा बॉनेटवर ठेवायचे. मी एकदा थट्टा केली, तर म्हणाले, "खात नही, पन तिले कळस."

तिला कळतं, हा त्यांचा पक्का विश्वास होता. त्यामुळे गाडीसमोर तिचा भाव बोलायचा नाही हा नियम. बैलासमोर त्याची किंमत काढली की बैल खंगतो असं त्यांचे वडील सांगायचे. गिऱ्हाइकानं तोंडानं आकडा उच्चारला की आबा घाईघाईनं त्याचा दंड धरून त्याला गोठ्याच्या पलीकडे घेऊन जायचे. सौदा उपरण्याखाली. दोघांचे हात उपरण्याखाली जाणार, मग किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, त्यावरून भाव. वरून दोघं चेहरे दगडासारखे ठेवून हवापाण्याच्या गप्पा मारणार. आजूबाजूला वीस माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. मी विचारलं, एवढं लपवायचं कशाला? तर म्हणाले, "भाव गावमा गया का इकनाराले झोप नही अन् लेनाराले सुख नही." एखाद्यानं गरजेपोटी स्वस्तात दिलं तर ते त्याच्या शेजाऱ्याला कळायचं कारण नाही, एवढाच त्याचा अर्थ. मला ही पद्धत माझ्या छापील फॉर्मपेक्षा सभ्य वाटली, हे मी कबूल करते.

आणि हात पुढे करायच्या आधी खोड सांगायची. हा तर त्यांचा धर्मच. बैल मारका असेल, बसका असेल, तर ते आधी सांगायचं, मग सौदा. भडगावच्या एका डॉक्टरांना आबा देशी जीप दाखवत होते, तेव्हा मी हजर होते. आबांनी सुरुवात केली. "हिवाळामा ढकलनी पडस. दुसरा गिअर रुसस. पाऊसमा डाव्या आंगले गळस. हॉर्न तिनी मर्जी व्हई तवय वाजस." डॉक्टर म्हणाले, "अहो आबा, मग घेऊ कशाला?" आबा शांतपणे म्हणाले, "नका लेऊ." आणि चहा मागवला. डॉक्टरांनी चहा संपायच्या आत ती घेतली. पुढे कितीतरी वर्षं जीप बंद पडली की डॉक्टर फोन करायचे, आणि तक्रार नव्हे, आनंदानं सांगायचे, "आबा, दुसरा गिअरच आहे, नवीन काही नाही!"

असा हा माणूस. त्यांच्या सगळ्या आयुष्यात एकच गोष्ट त्यांना खुपत होती, आणि तो सौदा नव्हता, वाटणी होती.

सावद्याजवळच्या एका गावात तुळशीराम अण्णा चौधरी म्हणून केळीचे बागायतदार होते. आबांचं जुनं गिऱ्हाईक. अण्णांकडे दोन जिपा होत्या. एक अमेरिकन, लष्कराच्या लिलावात घेतलेली, कागदपत्रांसकट अस्सल. दुसरी देशी, केळीच्या बागेत राबायला. अण्णा जाताना दोन्ही मुलांना सांगून गेले, "वाटणी सुपडूच्या हातून करा." भडगावचा माणूस, परगावचा, त्यात बौद्ध वस्तीतला हेडी, आणि बागायतदारांच्या वाटणीत पंच! गावातल्या बऱ्याच भुवया वर गेल्या. मुलांनी बापाचा शब्द पाळला. आबा हे मला सांगायचे तेव्हा त्यांची छाती इतक्या वर्षांनंतरही वीतभर पुढे यायची.

शेत, विहीर, भांडीकुंडी, दागिने, सगळं दुपारपर्यंत बिनबोभाट वाटून झालं. मग जिपांपाशी गाडं अडलं. थोरला लीलाधर आणि धाकटा भागवत, दोघांनाही अमेरिकनच हवी. तेव्हा भावाचा प्रश्नच नव्हता. जुन्या जिपेला भंगाराच्या वर कोण काय देत होतं! अण्णांनी दोघांनाही मांडीवर बसवून त्याच गाडीचं स्टिअरिंग हातात दिलं होतं, म्हणून ती हवी. दिवस कलला तरी कुणी मागे हटेना. शेवटी आबांनी न्याय दिला. अमेरिकनचं इंजिन आणि गिअरबॉक्स धाकट्याला, चासी आणि अंग थोरल्याला. देशीचं याच्या उलट. दोघांना अर्धी अर्धी अमेरिकन. समान वाटणी म्हणजे समान वाटणी. गावानं तेव्हा वाहवा केली म्हणे.

मेकॅनिक बोलावून दोन्ही इंजिनं अदलाबदल झाली. देशी इंजिन उंचीला जास्त, त्यामुळे थोरल्याच्या अमेरिकन अंगावर बॉनेट बसेना. त्यानं ते माळ्यावर टाकलं आणि ऑइलच्या पिंपाचा पत्रा ठोकून वर बांधला. बारा वर्षं ती गाडी डोक्यावर घमेलं घेतल्यासारखी गावातून फिरली. धाकट्याच्या देशी गाडीत अमेरिकन इंजिन बसलं खरं, पण वर वीतभर जागा रिकामी राहिली. भागवतभाऊंनी तिथे भाकरीचा डबा ठेवायची सोय केली. शेतात पोचेपर्यंत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी गरम.

हसू येतं, पण त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं तुटलं. थोरला म्हणे, इंजिन म्हणजे जीव, जीव त्याला गेला. धाकटा म्हणे, इंजिन काय दिसतं का कुणाला? बापाची गाडी म्हणून गाव ज्याला ओळखतं ते अंग त्याला गेलं. शेतं शेजारी शेजारी, मध्ये एक बांध, बांधावर कडुनिंब. पाणी सोडायचं असलं तरी निरोप तिसऱ्याच्या तोंडून. बारा वर्षांत शिवीगाळसुद्धा झाली नाही. आबा गावात आलेले असले की लीलाधरभाऊ भावासमोर उभे राहून त्यांनाच सांगायचे, "आबा, त्याले सांगा, मोटर बंद कर." आणि भागवतभाऊ तिथूनच, "त्याले म्हना, झाली बंद."

मधल्या काळात बाजार बदलला. पुण्या-मुंबईचे हौशी लोक खेडोपाडी जुन्या जिपा शोधत फिरायला लागले. अस्सल अमेरिकन, कागदाशी नंबर जुळणारी, अशी गाडी कितीला जाते ते आबा स्वतः बघत होते. आणि ज्या एका गाडीच्या अस्सलपणाची त्यांना खात्री होती, ती त्यांनीच मधोमध चिरली होती. दोन वर्षांपूर्वी जळगावच्या डॉक्टरांनी त्यांना हृदयाचं दुखणं सांगितलं आणि दगदग बंद करा म्हणाले. आबा दवाखान्यातून थेट माझ्या ऑफिसात आले.

"ताई, दोन गाडीसना रिपोर्ट लिखना शे. फी मी देसु."

"आबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हनीसन तं घाई शे."

आम्ही गेलो. मी दोन्ही गाड्या तपासल्या. आरसी बुकात एक इंजिन नंबर, गाडीत दुसराच, दोन्हीकडे तेच. मी लीलाधरभाऊंना सांगितलं, "भाऊ, हिला अमेरिकन म्हणून कागद देता येणार नाही, देशी म्हणूनही नाही. आहे तशी भंगारातच जाईल."

त्यांनी बांधापलीकडे हात केला. "अन् त्याची?"

"त्यांचीही तशीच."

"म्हंजे त्याच्याबी गाडीले भाव नाई?"

"नाही."

"मंग चालते," म्हणाले, आणि माझ्यासाठी केळी आणायला गेले. बांधापलीकडे भागवतभाऊंनीही हुबेहूब हेच विचारलं आणि त्यांनाही हेच चाललं. परतताना मी गाडीत हसत होते. आबा हसत नव्हते.

पुढच्या खेपेला मी दुसरा रिपोर्ट नेला. दोन्ही इंजिनं आपापल्या घरी गेली तर भाव काय. आबांनी एकेका भावाला वेगवेगळं केळीच्या बागेत नेलं आणि उपरण्याखाली बोटं दाबून आकडा सांगितला. दोघांचेही डोळे मोठे झालेले मी लांबून बघितले. पण उत्तर एकच. त्यानं आधी काढावं इंजिन, मग मी काढीन.

आबा त्या रात्री गावातच राहिले. सकाळी त्यांनी दोघा भावांना मारुतीच्या पारावर बोलावलं. तिथेच वाटणी झाली होती. गाव आपोआप गोळा झालं. मला वाटलं, आता आबा रागावतील, बापाची शपथ घालतील. आबा उभे राहिले, उपरणं खांद्यावरून काढून हातात घेतलं आणि म्हणाले,

"सौदाना पहिले खोड सांगनी पडस. बारा वरीस मी सांगी नही. खोड गाडीमा नही, ह्या सुपडूमा शे. तुमना बापनी माले पंच करं. मी न्याव करा नही. जोडी वाटतस, बैल कापतस नही. मी बैल कापा. बठ्ठा गाव वाहवा करे, मी फुगी गऊ."

एवढ्या लोकांत, ज्यांनी तेव्हा भुवया वर केल्या होत्या त्यांच्याच समोर, आबा आपली एकुलती एक अब्रू स्वतःच्या हातानं खाली ठेवत होते. मी कधी एखादा रिपोर्ट चुकला असं चारचौघांत म्हटलं नव्हतं, आजही म्हणायला जड जातं.

लीलाधरभाऊ पुढे आले. "आबा, बसा. उभे नका राहू." भागवतभाऊ तोवर पाणी घेऊन आले होते. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, पण दोघांचे डोळे सारखेच लाल झाले होते. भागवतभाऊ आबांना म्हणाले, "काढू. पन आधी कोन?"

"कोनी नही आधी," आबा म्हणाले. "दोन्ही संगे."

आणि मग तो दिवस आला. बांधावरच्या कडुनिंबाखाली, इकडे थोरल्याची जीप, तिकडे धाकट्याची, तोंडाला तोंड लावून. निंबाच्या दोन जाड फांद्यांना दोन चेन कप्प्या. रावेरहून दोन मेकॅनिक आले होते. बांधावर बरोबर मध्ये, खुर्ची नको म्हणून, आबा उभे. धोतर नवंकोरं.

"वढा!"

दोन्ही साखळ्या खडखडल्या. एक वीत इकडे वर, एक वीत तिकडे वर. थोरल्याकडचं जरा पुढे गेलं की आबा हात वर करायचे, "थांबा, त्याले येऊ द्या." दोन्ही इंजिनं हवेत एका उंचीला लटकली तेव्हा आजूबाजूच्या शेतांतली कामं थांबली होती. मग जिपा मागे ढकलल्या, जागा बदलल्या, आणि इंजिनं खाली. माळ्यावरचं बॉनेट लीलाधरभाऊंची सून आणि दोन बाया डोक्यावरून घेऊन आल्या. त्यावर बारा वर्षांची धूळ आणि चिमणीचं घरटं. भागवतभाऊंनी ते आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि लावलं. कट् करून बसलं. तिसऱ्या प्रयत्नात अमेरिकन चालू झाली. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते, पण गावातली म्हातारी माणसं ऐकताच म्हणाली, "अण्णा आले." मी सगळ्याचे फोटो काढले. आबांनी मागे उभं राहून चाल बघितली, परत आल्यावर बॉनेटवर तळहात ठेवला, आणि बराच वेळ काढलाच नाही.

अमेरिकन विकून पैसे निम्मे निम्मे करायचे, हे दोघांनी आबांमार्फत कबूल केलं, आणि महिन्याभरात पुण्याहून एक साहेब आले. हातात भिंग, खिशात दोन फोन, परदेशात अशी गाडी कितीला गेली त्याची यादी तोंडपाठ. त्यांनी चासीचा नंबर, इंजिनचा नंबर, आरसी बुक, सगळं तीन तीन वेळा ताडून पाहिलं. सगळं जुळत होतं. त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात आबांनी त्यांचा दंड धरून त्यांना बागेत नेलं, मागोमाग आम्हीही गेलो. आणि हात पुढे करायच्या आधी, आबा काय करणार हे मला ठाऊक होतंच. भाऊ डोळ्यांनी नको नको म्हणत होते. आबांनी सगळं सांगितलं. ही गाडी बारा वर्षं अर्धी होती. माझ्या चुकीनं.

साहेबांनी भिंग खिशात टाकलं. मला वाटलं, गेला सौदा. लीलाधरभाऊ तर खालीच बसले. मग साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, ते झाडाखालचे फोटो आहेत तुमच्याकडे?" मी फोन दिला. ते एक एक फोटो मोठा करून बघत राहिले. दोन भाऊ, दोन साखळ्या, मध्ये आबा. म्हणाले, "अशा दहा गाड्या मी पाहिल्या. ज्याच्या त्याच्या कागदावर सगळं उत्तम असतं. हे पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं." मी त्यांना बोटांची भाषा पाच मिनिटांत शिकवली, आणि त्यांचा घड्याळाचा हात आबांच्या उपरण्याखाली गेला. वरून आबा त्यांना सातपुड्यातल्या थंडीविषयी सांगत होते. खाली काय चाललं होतं ते कुणाला दिसलं नाही. हात बाहेर आले तेव्हा साहेबांना घाम आला होता आणि आबांचा चेहरा दगडच होता. आकडा मी लिहिणार नाही. माझ्या रिपोर्टातल्या आकड्याहून तो इतका वर होता की मला आनंदही झाला आणि माझी थोडी लाजही वाटली.

पैसे दोघांना सारखे गेले. अमेरिकन ट्रेलरवर चढून निघाली तेव्हा गाव वेशीपर्यंत मागे गेलं. राहिली देशी. आपल्या इंजिनाची, आपल्या अंगाची, धडधाकट. लीलाधरभाऊ हळूच म्हणाले, "आबा, आता हिचं काय?" आबांनी दोन्ही हात झटकले. "मी आते पंच नही. माले सावदाले सोडी द्या, यष्टी चुकी."

म्हणून दोघं भाऊ आबांना त्याच देशी जिपेतून सोडायला निघाले. थोरला स्टिअरिंगला, धाकटा शेजारी, आबा मागे. मी माझ्या गाडीतून पाठोपाठ. सावद्याच्या अलीकडे, केळीचे ट्रक वजनाला उभे असतात तिथे, जीप दोन आचके देऊन रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागे ट्रकवाल्यांचे हॉर्न सुरू झाले. मी उतरून पुढे जाते तो आबा जिपेच्या मागून खाली उतरत होते. एक हात धोतराला, एक हात पत्र्याला. म्हटलं, यांना काही होतंय की काय.

"आबा, काय झालं?"

आबांनी तोंडावर बोट ठेवलं. चेहरा असा फुललेला मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. कुजबुजले, "भांडी राह्यनात!"

मी कान दिला. खरंच भांडत होते. "चोक वढू नको म्हनून तुले सांगतलं व्हतं ना?" लीलाधरभाऊ ओरडत होते. थेट भावाला. मध्ये कुणी नाही. "तू कायले वढला?"

"तुले चालवता येते का पन? बारा वर्स घमेलं घेऊन फिरला तू!"

"उतर खाली! तुह्या बापाची गाडी हाय का ही?"

"हो, माह्या बापाचीच हाय!" भागवतभाऊंचा आवाज ट्रकच्या हॉर्नांवर गेला. "अन् तुह्याबी बापाची हाय!"

आबांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि त्या दोघांना तसंच रस्त्याच्या मधोमध सोडून, ट्रकांच्या रांगेतून वाट काढत, मागे एकदाही न बघता स्टँडकडे चालत गेले.